न बदललेलं कुलूप

बादलीत पिळून ठेवलेली मोठी चादर तशीच राहिली. उशांचे अभ्रे, टॉवेल, स्वयंपाकघरातली फडकी असं सगळं दोरीवर चढलं आणि चादरीची पाळी आली, तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की चिमटे घरातच राहिलेत. सकाळपासून वारा असा सुटला होता की चिमट्यांशिवाय घातली असती तर चादर समोरच्या इमारतीत राहायला गेली असती. "बरं झालं, डोकं तरी मानेवर आणलंस," असं स्वतःलाच बजावत बाई गच्चीचा जिना उतरल्या. एकट्या माणसाला स्वतःशी बोलायची सवय लागते. बाईंना तर स्वतःला उत्तर द्यायचीही लागली होती.

त्यांचं घर गच्चीच्या लगेच खाली, शेवटच्या मजल्यावर. दार ओढलं की आपोआप लागणारं कुलूप. किल्ली एका खिशात, मोबाईल दुसऱ्या खिशात. फोन जवळ नसेल तर बाईंना अंगावर कपडे नसल्यासारखं वाटायचं. त्यांनी किल्ली काढली, कुलपाजवळ नेली, आणि आतून आवाज आला.

चर्र. मग जरा थांबून, अगदी हलकेच, टक्.

बाईंचा हात होता तिथेच थांबला. स्वयंपाकघरातल्या भिंतीतल्या कपाटाचा आवाज होता तो. कपाट कुणीतरी उघडलं होतं आणि पुन्हा लावलंही होतं.

पाय आपले आपण मागे सरले. दोन पायऱ्या वर, भिंतीला पाठ. हे पायांना कुणी शिकवलं होतं असं नाही, पण बाईंनी हे इतक्या लोकांना सांगितलं होतं की त्यांच्या पायांनाही ते पाठ झालं असावं.

इमारतीत सगळे त्यांना ऑपरेटरबाई म्हणत. पोलिसांच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेण्याचं काम त्यांनी उभा जन्म केलं आणि तिथूनच निवृत्त झाल्या. कानाला हेडफोन, समोर स्क्रीन, आणि पलीकडे कुणीतरी घाबरलेलं. कुणाच्या घराला आग, कुणाचं पोर हरवलेलं, कुणाचा नवरा दारू पिऊन दार फोडतोय. बाईंचा आवाज त्या सगळ्यांत एकच असायचा, वरणासारखा साधा आणि कोमट. घाबरलेल्या माणसाला त्याचा आधार वाटे. घरच्यांना मात्र तो आवाज सोसवत नसे. धाकटा भाऊ म्हणायचा, "ताई, घरी आल्यावर तरी माणसासारखी बोल. मीठ कुठेय विचारलं तर पत्ता आणि खूण काय विचारतेस?"

त्याच आवाजात आता बाईंनी जिन्यात उभं राहून कंट्रोल रूमचा नंबर लावला. आधी पत्ता, मग मजला, मग जवळची खूण, मग काय घडलं ते, आणि शेवटी आपला नंबर. शब्द ना एक कमी, ना एक जास्त.

पलीकडची मुलगी घुटमळली. आवाजावरून कोवळी होती.

"मॅडम, हा टेस्ट कॉल आहे का?"

"काय?"

"नाही, म्हणजे साहेब लोक कधीकधी करायला लावतात. आमचं काम तपासायला."

"अगं बाई, माझ्या घरात माणूस शिरलाय!" बाई दात आवळून कुजबुजल्या.

"सॉरी मॅडम. तुम्ही फारच व्यवस्थित सांगितलंत ना, म्हणून." कीबोर्ड वाजला. "दार फोडलंय का?"

"नाही."

"आत घरातलं कोणी अडकलंय? लहान मूल, आजारी माणूस?"

"नाही."

"घरात अजून कोण कोण राहतं?"

हा प्रश्न बाईंनी किती जणांना विचारला असेल, देव जाणे. त्याचं उत्तर देणाऱ्याला कसं वाटतं हे त्यांना आज कळलं.

"कोणी नाही," त्या म्हणाल्या.

"ठीक आहे. गाडी पाठवते, पण जरा वेळ लागेल. दोन्ही गाड्या अपघाताच्या ठिकाणी गेल्यात. तोपर्यंत आत जाऊ नका, हाक मारू नका, शेजारी जाऊन थांबा." मुलगी एकेक वाक्य टाकत होती आणि इकडे बाईंचे ओठ न बोलता तेच शब्द पुटपुटत होते. एखादी प्रार्थना दुसऱ्याने म्हणावी आणि आपण साथ द्यावी, तसं. "मॅडम, लाईनवर थांबता का? मी तुम्हाला होल्डवर ठेवते."

आणि कानात ते संगीत सुरू झालं. टिंग टिंग टुंग. बाईंनी जन्मभर लोकांना हे ऐकवलं, पण स्वतः कधी ऐकलं नव्हतं. इतकं वाईट असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

आतून पुन्हा आवाज आला. चर्र. थांबला. टक्.

आता मात्र बाईंनी कान टवकारले.

त्या कपाटाच्या दाराची एक खोड होती. बिजागरी खाली बसलेली असल्यामुळे ते नुसतं ढकलून लागायचं नाही. तळहात खाली घालून दार जरासं उचलायचं आणि मग लावायचं. नवखा माणूस ते एकदा आपटतो, दोनदा आपटतो, शिव्या देतो आणि उघडंच टाकून जातो. पाहुणे तेच करत आणि गॅस तपासायला येणारा माणूसही तेच करी. आतल्या माणसाने मात्र दोन्ही वेळा दार उचलून लावलं होतं.

म्हणजे तो या घरात राहिलेला होता.

आणि या घरात बाईंबरोबर राहिलेल्यांपैकी आता उरलेला माणूस एकच, धाकटा.

आईवडील थकल्यावर दोघा भावंडांनी मिळून हे घर घेतलं होतं. आई लवकर गेली. वडील पुढे हॉस्पिटलात होते, त्यांच्या शेवटच्या दिवशी धाकट्याने कंट्रोल रूमला फोन केला. कामावर स्वतःचे फोन बाहेर ठेवावे लागत, म्हणून ऑफिसच्याच नंबरवर. पण बाईंच्या कानात तेव्हा एक बाई होती, पलंगाखाली लपलेली, आणि बाहेर तिचा नवरा. ती लाईन सोडता येईना. सहकारी चिठ्ठी दाखवत होता, बाई मान हलवत होत्या, थांब, थांब. ती बाई वाचली. ऑपरेटरबाई हॉस्पिटलात पोचल्या तेव्हा वडिलांच्या अंगावर चादर ओढून झाली होती. धाकटा व्हरांड्यात बसला होता. मान वर न करता म्हणाला, "साऱ्या गावाचे फोन उचलतेस ताई. घरचा तेवढा राहिला."

भांडण असं झालं नाही. झालं असतं तर कधीतरी मिटलं असतं. पुढे त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, तिथेच लग्न झालं. सुरुवातीला फोन व्हायचे, ते विरळ होत गेले, आणि मग कुणी आधी करायचा यावरच अडून बसले. जाताना त्याने घराची किल्ली आपल्या जुडग्यात तशीच ठेवली होती. बाईंनी ते पाहिलं होतं आणि मागितली नव्हती. इतकंच नाही, तर कुलूपही बदललं नव्हतं. फोनवर लोकांना त्या कानीकपाळी ओरडून सांगायच्या, "घर घेतलंत की आधी कुलूप बदला." स्वतःच्या दाराला मात्र घर घेतलं तेव्हाचंच कुलूप. घर घेतल्या घेतल्या आळसाने राहिलं, आणि धाकटा गेल्यावर मुद्दाम राहिलं. बदललं असतं तर त्याची किल्ली चालली नसती.

आता त्या किल्लीने कुणीतरी आत शिरलं होतं.

बाई जिन्यात बसल्याच. तो आला असेल, आणि आपण त्याच्यावर पोलीस सोडलेत! धडाधड बूट वाजवत दोघे हवालदार वर येतील, त्याच्या खांद्याला धरतील, शेजारी दारं किलकिली करून बघतील. आणि तो आपल्याकडे बघून काय म्हणेल, तेही बाईंना ऐकू येत होतं. मग जे काही धाग्याएवढं उरलं होतं तेही तुटणार. उठावं, किल्ली लावावी आणि सरळ आत जावं. आपल्याच घरात आपल्याच भावाला भ्यायचं काय!

त्या उठल्याही. आणि त्यांना तो जुना फोन आठवला.

एका गृहस्थाचा होता. घरात कुणीतरी आहे म्हणाला. बाईंनी सांगितलं, थांबा. तो थांबला, मग म्हणाला, "अहो, माझा मुलगाच असेल. येतो तो असा अधूनमधून." बाईंनी विचारलं, "असेल, की नक्की आहे?" तो म्हणाला, "असेल हो." आणि फोन खिशात टाकून आत गेला. फोन चालूच राहिला. पुढे काय ऐकलं ते बाईंनी कधी कुणाला सांगितलं नाही. नव्या मुलींना शिकवताना मात्र तेवढा एक प्रश्न त्या पाठ करून घेत. असेल, की नक्की आहे?

टिंग टिंग टुंग थांबलं. "मॅडम, आहात ना?"

"ऐक गं. आत बहुतेक माझा भाऊ असेल."

पलीकडून ती कोवळी मुलगी म्हणाली, "असेल, की नक्की आहे, मॅडम?"

कुणाकुणाच्या तोंडून फिरत फिरत तो प्रश्न त्यांच्याकडेच परत आला होता. बाईंना हसू की रडू कळेना.

"नक्की नाही," त्या म्हणाल्या.

"मग थांबा. प्लीज. मी पुन्हा होल्डवर ठेवते."

तेवढ्यात खालून पाळणाघरवाली वर आली. खालच्या मजल्यावर ती लोकांची पोरं सांभाळते. अंगाने गोल आणि तोंडाने फटकळ. बाईंची कुजबुज जिन्यातून तिला ऐकू गेली होती. एका हाताने छाती धरून दम आवरत होती आणि दुसऱ्या हातात पोरांच्या खेळण्यातली पिवळी प्लास्टिकची बॅट होती.

"चोर?" तिने नुसत्या ओठांनी विचारलं.

"हळू! आणि हे काय आणलंस?"

"मिळालं ते आणलं. स्वयंपाकघरापर्यंत जायला वेळ कुठे होता?"

"याने तो मरेल हसून."

"मरू दे ना. तेवढंच काम झालं."

बाईंनी तिला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. दाराचं, भावाचं, गाडी यायला वेळ आहे त्याचं. पाळणाघरवालीने कपाळावर हात मारला.

"अहो बाई, एवढी हुशार बाई तुम्ही! त्याला फोन लावा ना. आत वाजला तर तोच आहे, नाही वाजला तर चोर आहे. यात काय अवघड?"

अवघड काय होतं ते तिला कसं सांगणार? नंबर पाठ होता. त्याच्या दर वाढदिवसाला बाई तो लावायला घ्यायच्या, आणि शेवटचा आकडा दाबायचा राहायचा. चोर घरात शिरल्याशिवाय आपल्याच्याने भावाला फोन होऊ नये, ही काय तऱ्हा, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी डोळे मिटले, मनातल्या मनात देवाला म्हटलं, सांभाळ बाबा, आणि कंट्रोल रूमची लाईन कापली. मग सगळे आकडे दाबले.

कानात रिंग वाजू लागली. बाईंनी फोन कानापासून जरा दूर धरला आणि दाराकडे कान दिला. पाळणाघरवालीने तर दाराला कानच लावला. आत काही वाजलं नाही. कुणाची तरी पावलं मात्र वाजली, सावकाश, घासत.

"हॅलो?"

बाईंनी फोन घट्ट कानाला लावला.

"हॅलो, ताई? ताई, काय झालं? बरी आहेस ना?" मागे कारखान्यासारखी घरघर होती. तो कामावर होता, दूर आपल्या शहरात.

"मी बरी आहे. घरात कुणीतरी शिरलंय. मी बाहेर जिन्यात आहे. मला वाटलं तू."

"मी?" तो गोंधळला. "मी कसा असेन? तू आत जाऊ नकोस हां. पोलिसांना कळवलंस?"

"कळवलं."

"मग थांब. एकटी आहेस?"

"खालची आहे बरोबर. बॅट घेऊन."

"काय घेऊन?"

"जाऊ दे. अरे, दार फोडलेलं नाही. किल्लीने उघडलंय. आणि कपाटाचं दार उचलून लावलं रे. दोनदा. म्हणून मला वाटलं..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं.

तेवढ्यात फोनमध्ये मधूनच टुक् टुक् वाजू लागलं. बाईंनी स्क्रीन पाहिली. कंट्रोल रूमचा नंबर. लाईन तुटली म्हणून ती मुलगी उलट फोन करत होती, नियमाप्रमाणे, बाईंनीच कधीतरी घालून दिलेल्या नियमाप्रमाणे.

"दुसरा फोन येतोय का ताई?" धाकट्याने विचारलं. त्याच्या आवाजात काहीतरी आधीच मागे सरकू लागलं होतं. "कंट्रोल रूमचा असेल. घे तू."

टुक् टुक् वाजत राहिलं. पाळणाघरवाली हाताने खुणावत होती, घ्या, घ्या.

"वाजू दे," बाई म्हणाल्या.

पलीकडे घरघर कमी झाली. तो बहुतेक चालत बाहेर मोकळ्यात आला असावा. "बरं," तो म्हणाला. जरा वेळाने पुन्हा, "बरं. मी आहे लाईनवर."

वाजणं थांबलं. मग धाकटा म्हणाला, "ताई, ते दार उचलून लावायचं आपल्याला कुणी शिकवलं होतं?"

बाई ताठ झाल्या. शिंपी मास्तर!

घर विकत घेतलं ते मास्तरांकडून. बायको गेल्यावर लेकीने त्यांना आपल्याकडे नेलं, ही गल्ली सोडून दोनचार गल्ल्या पलीकडे, आणि घर विकलं. ताबा देताना त्यांनी सगळं घर फिरून दाखवलं होतं. कुठला नळ गळतो, कुठली खिडकी अडते. कपाटासमोर उभं राहून म्हणाले होते, "हिला ढकलायचं नाही. हिला लाडाने उचलायचं." दाराशेजारची त्यांची पाटी निघाली, पण पाटीखालचा फिकट चौकोन अजून भिंतीवर होता, आणि खिडकीपाशी फरशीवर शिवणयंत्राच्या पायांचे डाग.

"त्यांच्याकडे किल्ली राहिली असेल," धाकटा म्हणाला. "आपल्याला दोनच दिल्या होत्या त्यांनी. पण ताई, तू नंतर कुलूप बदललं असशील ना?"

"नाही."

"तू? तू नाही बदललंस? का?"

बाईंनी भिंतीवरच्या त्या फिकट चौकोनाकडे पाहिलं.

"तुझ्याकडे किल्ली होती म्हणून," त्या म्हणाल्या.



"ती केव्हाच हरवली गं," तो म्हणाला. "घर बदलताना. सगळा जुडगाच गेला."

बाईंनी मान हलवली, जणू त्याला दिसणार होतं. हरवलेल्या किल्लीसाठी त्या इतकी वर्षं कुलूप सांभाळून बसल्या होत्या. अंगातून काहीतरी निघून गेल्यासारखं झालं, आणि नवल म्हणजे उभं राहायला जरा सोपंही वाटलं.

पण आत कोण होतं ते अजून 'असेल' होतं, 'नक्की' नव्हतं. मास्तर असतील, किंवा मास्तरांची किल्ली ज्याच्या हाती लागली तो कुणीतरी असेल. आणि मास्तर असले, तर खालून बूट वाजत येतील तेव्हा त्या म्हाताऱ्या जिवाचं काय होईल? घाबरतील, पळायला जातील, जिन्यावरून पडतील. थांबावं तर ते असं, आणि जावं तर त्या गृहस्थासारखं.

"मास्तर?" पाळणाघरवालीचे डोळे विस्फारले. "ते 'परवा या' मास्तर? अहो, माझ्या लग्नाचे कपडे त्यांनी लग्न झाल्यावर दिले! कधीही जा, बघायचे पण नाहीत वर. परवा या, परवा या!"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग दाराजवळ गेल्या. हाक मारू नका, हे वाक्य त्यांच्या मनात स्पष्ट उमटलं, त्यांच्याच आवाजात. त्यांनी पाळणाघरवालीला जिन्याच्या कडेला उभं केलं, स्वतः दाराच्या एका बाजूला भिंतीआड झाल्या, आणि मोठ्याने, गिऱ्हाइकाने विचारावं तसं विचारलं,

"मास्तर, कपडे झाले का?"

आतली पावलं थांबली. मग बारीक, वैतागलेला, खात्रीचा आवाज आला,

"परवा या!"

पाळणाघरवाली बॅट पोटाशी धरून खाली बसली आणि हुंदक्यासारखं हसू लागली. बाईंनी फोनमध्ये सांगितलं, "नक्की आहे. आत जाते."

"फोन बंद करू नकोस," धाकटा म्हणाला.

त्यांनी तो चालूच खिशात ठेवला आणि किल्ली लावली.

मास्तर कपाटासमोर उभे होते. अंगात इस्त्रीचा सदरा, पण गुंड्या एक घर चुकलेल्या. पायांत एकच चप्पल. ओट्यावर बाईंचे डाळीचे, साखरेचे, चहाचे डबे ओळीने मांडून ठेवले होते, झाकणं काढून.

"तुम्हाला परवा सांगितलं ना," ते बाईंना म्हणाले. "इथे रिळंच सापडत नाहीत. कुणी डाळ भरून ठेवलीय माझ्या रिळांच्या डब्यात."

"मी शोधून ठेवते, मास्तर. तुम्ही बसा जरा."

"कुठे बसू? मशीन नाही."

बाईंनी खुर्ची आणली आणि खिडकीपाशी, त्या डागांवर ठेवली. मास्तर बसले. उजेड हातावर पडला तसे शांत झाले, बोटं गुडघ्यावरच्या कापडाची कड चाचपू लागली. मग एकदम मान वर करून म्हणाले, "घरात कोणी नाही का? आवाजच नाही कुणाचा."

"मी आहे ना," बाई म्हणाल्या.

"तुम्ही गिऱ्हाईक. घरातलं कोणी?"

बाईंनी चहा टाकला. उरलंसुरलं दूध त्यात सगळं गेलं.

बूट वाजले तेव्हा बाई जिन्यातच जाऊन उभ्या राहिल्या. हवालदार धापा टाकत होता.

"कुठाय चोर?"

"चोर नाही. जुने घरमालक आहेत. चहा पितायत."

"मग कळवायचं नाही का? आमची मुलगी तिकडे फोन लावून लावून रडकुंडीला आलीय."

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. "तिला सांगा, तिने सगळं बरोबर केलं. अगदी बरोबर. आणि बूट जरा हळू वाजवा, त्यांना भीती वाटेल."

हवालदार कपाळाला आठ्या घालून आत डोकावला. मास्तरांनी त्याच्या गणवेशाच्या बाहीकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही बाही कुणी लावली? खांद्यात खेचतेय. ठेवून जा." हवालदाराने नकळत खांद्याला हात लावला. पाळणाघरवाली तोंडात पदर धरावा तशी बॅटच तोंडावर धरून जिन्यात पळाली.

लेकीचा नंबर मास्तरांच्या सदऱ्याच्या आत शिवलेल्या पट्टीवर होता. टाके तिचेच असावेत, वाकडेतिकडे. हवालदाराने फोन लावल्यावर ती कामावरून तशीच धावत आली. दारातच रडायला लागली, मग रागावली, आधी बापावर आणि मग बाईंवर.

"दुपारी शेजारी बघतात त्यांना, आज कसे निसटले कळलं नाही. पण तुम्ही तरी कुलूप बदलायचं नाही का? इतकी वर्षं? कुणी असं करतं का?"

"करायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "आज बदलते."

लेकीने मास्तरांची मूठ उघडून किल्ली घ्यायचा प्रयत्न केला. मूठ उघडेना. बाई म्हणाल्या, "राहू दे गं त्यांच्याकडे. आता ती लागणार नाही कुठे. आणि यायचं म्हणाले तर घेऊन येत जा. घंटी वाजवा, मी घरीच असते."

लेक हो म्हणाली, जसं रस्त्यात भेटलेल्या माणसाला म्हणतात तसं. जिना उतरताना मास्तर तिला सांगत होते, "गिऱ्हाईक चांगलं आहे. पण घाई फार."

घर पुन्हा गप्प झालं. बाईंनी खुर्ची जागेवर ठेवली, डब्यांना झाकणं लावली, डबे आत ठेवले, दार उचलून लावलं. चर्र, टक्. मग त्यांना खिशातला फोन आठवला. कानाला लावला. घरघर ऐकू आली.

"अजून आहेस?"

"आहे की. सगळं ऐकलं. परवा या!" तो हसला. मग हसू सरलं. "जेवणाची सुट्टी संपली ताई माझी."

"जा तू. आज कुलूप बदलते. तुला नवी किल्ली देऊ का?"

"देऊन ठेव," तो म्हणाला.

"पाठवू, की घ्यायला येशील?"

"बघतो गं. या महिन्यात जरा अवघड आहे. बघतो."

"असं कर, पाठवते. नाहीतर राहायचं." पुढचं बोलायला बाईंना श्वास घ्यावा लागला. "आलास तर घंटी वाजवलीस तरी चालेल."

फोन ठेवल्यावर त्यांनी चिमटे घेतले आणि गच्चीवर गेल्या. बादलीतली चादर घट्ट पीळ घेऊन अर्धवट सुकली होती. त्यांनी ती झटकली, दोरीवर टाकली, आणि वाऱ्याने ओढू नये म्हणून कडेकडेने सगळे चिमटे लावले. एकट्याने मोठी चादर घालताना एक टोक नेहमी फरशीला लागतं, तसं आजही लागलं. ते त्यांनी हाताने पुसलं.

मग खाली येऊन पिशवी घेतली, दार ओढून घेतलं, आणि बाई हार्डवेअरच्या दुकानातून तीन किल्ल्यांचं कुलूप आणि येताना दूध आणायला निघाल्या.